दारफाळणीचं वाचन

सेफेर जागेवर आणायला मला एरवी वीस मिनिटं लागत. त्या रविवारी दोनसुद्धा लागली नाहीत, कारण मी ते जागेवर आणलंच नाही. उघडलं, बघितलं, होतं तसं पुन्हा मखमलीत बांधलं आणि पडद्यामागच्या कपाटात उभं करून ठेवलं. मग कुलूप लावून विहिरीवर गेलो आणि फार मेहनतीचं काम करून आल्यासारखे हातपाय धुतले.

आम्हा बेने इस्राएल मंडळींशी ज्यांचा कधी संबंध आला नसेल, त्यांना एवढं सांगायला हवं. सेफेर म्हणजे आमची तोरा. कातड्यावर हाताने लिहिलेली, दोन्ही टोकांनी दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेली. पुस्तकासारखं पान उलटून तिला भलतीकडे जाता येत नाही. शनिवारी शेवटाजवळचं वाचलं आणि सोमवारी मधलं वाचायचं असेल, तर कुणीतरी बसून एका दांडीवरचं कातडं दुसरीवर घ्यावं लागतं, हाताला रग लागेपर्यंत. आमच्या बागखारच्या सिनेगॉगमध्ये हे काम दोन वर्षांपासून माझ्याकडे होतं. आमचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, रहमीनकाका म्हणायचे, बोटं वळत नाहीत रे आता.

गोष्ट एकोणसाठ सालची. मी तेवीस वर्षांचा, रोह्याला शाळामास्तर, शनिवार-रविवार घरी. दुसऱ्या दिवशी सोमवारी दारफाळणीचा सण होता. छापील कॅलेंडरात त्याला योम किप्पूर म्हणतात, पण गावात दारफाळणीच. संध्याकाळी दारं फाळायची, म्हणजे लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, शेजाऱ्याशी बोलणं नाही. वर्षभराचा निवाडा त्या दिवशी होतो. निवाडा व्हायचा तर त्या दिवसाचं वाचन नीट व्हायला हवं, आणि वाचन नीट व्हायचं तर सेफेर तोरेच्या तिसऱ्या पुस्तकापाशी उघडायला हवं. मी ते पाचव्याच्या अखेरीला सोडून दिलं होतं, शनिवारी होतं तिथे.

विसरलो नव्हतो. मला खात्री करून घ्यायची होती.

कशाची, तर रहमीनकाकांना दिसत नाही याची. त्यांनी एकदा माझ्याऐवजी खांबाला शालोम केला होता. मिल्काकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चहाचा कप पुढे ठेवला की आधी त्यांची दोन बोटं टेबलावरून चालत यायची आणि मग कप सापडायचा. एकदा ते मुलांना शिकवत बसले होते तेव्हा मांडीवरचं हिब्रू पुस्तक उलटं होतं. मुलांनी सांगितलं नाही, कारण त्यांना ते सुलटं असतानाही तसंच दिसे.

आणि तरीही दर शनिवारी तेब्यावर, म्हणजे मधल्या उंच चौथऱ्यावर, उभं राहून काका तोरा वाचत. हातात चांदीची काडी, तिच्या टोकाला इवलासा हात, तो ओळीवरून सरकतोय, आणि आवाज असा की बाहेर बैलगाडी थांबायची. चाळीस वर्षं वाचत होते. सगळी तोरा त्यांना पाठ होती याबद्दल मला शंका नव्हती. शंका होती ती एवढीच, की ते वाचतात की म्हणतात.

यात फरक आहे आणि तो मला त्यांनीच शिकवला होता. मी नऊ वर्षांचा असताना डोळे मिटून घडाघडा म्हणून दाखवलं, तर हातावर छडी बसली होती. तोरा पाठ म्हणायची नसते. एक शब्दसुद्धा अक्षरावर नजर ठेवूनच वाचायचा. नाही तर ते वाचन झालंच नाही, लोकांनी ऐकलं काय आणि न ऐकलं काय. त्यामुळे दृष्टी गेलेल्या माणसाला सेफेर वाचता येत नाही. सतरा घरांच्या गावात वाचील तोच हजान, आणि हजान असेल त्यालाच सिनेगॉगच्या मागच्या दोन खोल्या. काका-काकी त्या खोल्यांत राहत होते. हे सगळं मला माहीत होतं. मला काही माहीत नव्हतं असं या गोष्टीत कुठेही म्हणता येणार नाही.

मला राग आला होता योनामुळे. दारफाळणीच्या दुपारी योना नबीची गोष्ट वाचायचा मान असतो. देवाने जा म्हटलं तर उलटीकडे पळालेला आणि माशाने गिळलेला, तोच. तो मान दरवर्षी हसकेलभाऊ मुकादमांच्या मेव्हण्याला मिळे आणि तो योनाला माशाच्या पोटात इतका वेळ ठेवी की माशाचीच दया यावी. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या वर्षारंभाला, सगळे नारळाच्या दुधातला हलवा खात बसलेले असताना, मी काकांना म्हटलं, यंदा योना मला द्या.

काका म्हणाले, "तुला वाचता येतं मनू. या गावात तुझ्याइतकं कुणालाच येत नाही. पण वाचताना तुझा कान लोकांकडे असतो, कोण वा म्हणतंय तिकडे. आणखी एक वर्ष जाऊ दे."

चार लोक हसले. मीही हसलो. मी गावातला नकल्या. लग्नात, मलिद्याच्या जेवणात लोक मला उभं करून मुकादमांची, पोस्टमनची आणि खुद्द हजानकाकांची नक्कल करायला लावत आणि काका स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसत. अशा माणसाला लोकांनी हसलेलं सहन होत नाही. मी मनात म्हटलं, वाचतं कोण आणि म्हणतं कोण, बघूच एकदा.

पुढे काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं. जाहीर करायचं नव्हतंच. नुसतं स्वतःला माहीत करून घ्यायचं, आणि नंतर कधीतरी नक्कल करताना त्यातलं थोडंसं मिसळायचं. गमतीला एवढं पुष्कळ असतं.

रविवारी दुपारी गावातले सगळे पुरुष घरोघर फिरले. दारं फाळायच्या आधी एकमेकांची माफी मागून घ्यायची रीत आहे. देवाशी केलेल्या चुका देव माफ करतो, माणसाशी केलेल्या त्या माणसानेच माफ करायच्या. मीही फिरलो. शेवटी काकांच्या पडवीत गेलो. किल्ली खिशात होती.

"काका, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा."

"कळत काही केलंस का?"

"नाही."

"मग नकळतचं सगळं माफ." त्यांनी हात पुढे केला, मी डोकं त्या हाताखाली नेलं, कारण तो चुकीच्या जागी गेला होता. "आणि मलाही माफ कर. योनाचं तुला चारचौघांत बोललो. एकटा असताना बोलायला हवं होतं."

मी म्हटलं, छे छे, त्यात काय. आतून मिल्काकाकींनी दोन पुऱ्या आणून हातावर ठेवल्या, उद्या उपास आहे, पोटाला आधार हवा म्हणाल्या. मी पुऱ्या खाल्ल्या. ऊन अजून माडांच्या शेंड्यांवर होतं. सिनेगॉग पडवीपासून बारा पावलांवर. वीस मिनिटांचं काम. मी घरी गेलो.

सोमवारी सकाळी सिनेगॉग पांढरं झालं होतं. पुरुष, मुलं, मागच्या बाजूला बायका, सगळी पांढऱ्यात आणि सगळी उपाशी. दोन सेफेरं बाहेर निघाली. दुसरं, लहान, मी अगदी बरोबर जागेवर लावलेलं होतं. लबाडीतही माझं काम अर्धवट असे.

मी नेहमीप्रमाणे काकांच्या उजव्या हाताला उभा राहिलो. तिथे उभ्या माणसाचं काम एकच. वाचणारा चुकला की जागच्या जागी, सगळ्यांसमोर, त्याला थांबवून दुरुस्त करायचं. यात अपमान समजत नाहीत. न थांबवणाऱ्यालाच दोष लागतो.

काकांनी दोन्ही दांड्या हातात धरल्या. धरून क्षणभर तसेच राहिले. मला वाटलं, वय झालंय, उपास आहे, दम लागला असेल. मग त्यांनी सेफेर उघडलं, काडी टेकवली आणि सुरू केलं. मोशेचा भाऊ आरोन, त्याचे दोन मुलगे देवापाशी गेले आणि मेले, त्यानंतर देव मोशेशी बोलला, तिथपासून. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

खाली कातड्यावर शनिवारचंच होतं, मोशेचं शेवटचं गाणं. ते गाणं सेफेरात दोन पट्ट्यांमध्ये लिहितात आणि मधून वरपासून खालपर्यंत कोरी जागा सोडतात. ज्याला एक अक्षर येत नाही त्यालाही ते लांबून ओळखता येईल. चांदीचा तो इवला हात उजव्या पट्टीवरून निघे, कोऱ्या जागेत जाई, तिथेही काहीतरी वाचल्यासारखा सावकाश सरके आणि पलीकडे पोचे. तोंडाने आरोन तागाचे कपडे घालून पवित्र जागेत शिरत होता.

माझी खात्री झाली. पहिल्या ओळीलाच झाली. त्यानंतर मला हसू यायला हवं होतं, त्याची मी वाट बघत होतो.

एकेका माणसाला वर बोलावत. तो यायचा, अंगावरच्या प्रार्थनेच्या शालीची झालर काडीपाशी लावून ओठांना न्यायचा, आशीर्वाद म्हणायचा. तिसरे हसकेलभाऊ मुकादम आले. भाताच्या गिरणीचे मालक, बारीक नजरेचे. ते वाकले. मला वाटलं, आता हे विचारतील, गाणं तर परवा झालं ना. आणि मला कळेना, त्यांनी विचारावं असं मला वाटतंय की विचारू नये असं. त्यांनी डोळे मिटलेले होते. झालर ओठांना लावून ते आशीर्वाद म्हणाले आणि खाली उतरले.

काकांना थांबवणं माझं काम होतं. मी तोंड उघडलं असतं तर गावाला दोन गोष्टी एकदम कळल्या असत्या, हजानला दिसत नाही आणि मनूने सेफेर लावलं नाही. मी स्वतःला सांगितलं की पहिलीसाठी मी गप्प आहे.

वाचन बकऱ्यापर्यंत आलं. आरोन त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतो, सगळ्या लोकांचे अपराध त्याच्यावर घालतो, आणि कुणीतरी त्याला रानात नेऊन सोडतो. काकांचा आवाज तिथे नेहमी खाली येई. तसा आला. मागे बायकांतून कुणीतरी रडत होतं, दारफाळणीला रडतातच.

दुपारी लोक बाकांवर पडले होते तेव्हा मी कपाट उघडून सेफेर काढलं आणि घाम गाळत योग्य जागी आणलं, कारण दुपारीही त्यातलंच पुढचं वाचायचं होतं. वीस मिनिटं लागली. दुपारच्या वाचनाला काकांनी दांड्या हातात धरल्या, पुन्हा क्षणभर थांबले, आणि त्यांचं डोकं किंचित हललं. मग वाचलं, म्हणजे म्हटलं. मेव्हण्याने योना वाचला. त्या दिवशी मासा मला लहान वाटला.

चांदण्या दिसल्या, शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजला, काळ्या मनुकांच्या सरबताने उपास सुटले.

दारफाळणीच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे शिळा सण म्हणतात. दारं उघडतात, लोक एकमेकांकडे जातात, गोडधोड वाटतात, दाराशी आलेल्या गरिबाला देतात. मी शाळेला चिठ्ठी पाठवून रजा वाढवली आणि काकांकडे गेलो. काकी हातात डबा घेऊन बाहेर निघाल्याच होत्या. म्हणाल्या, बस, हे एकटेच आहेत, मी मुकादमांकडे जाऊन येते.

मी पाठ करून आलो होतो. पहिल्या वाक्यापाशीच अडखळलो. "काका, काल सकाळी सेफेर..."

"गाण्यापाशी होतं," काका म्हणाले.

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. ते माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला बघत होते.

"दांड्या हातात घेतल्या," ते म्हणाले, "तर उजवी भरलेली आणि डावीवर नुसतं लाकूड. मधल्या पुस्तकाला दोन्ही हात सारखे व्हायला हवेत. चाळीस वर्षं धरतोय. त्याला डोळे कशाला लागतात?"

"मग तुम्ही थांबला का नाहीत?"

"थांबलो असतो तर हसकेलने विचारलं असतं, सेफेर कुणी लावलं. कोण लावतं ते अख्ख्या गावाला ठाऊक. निवाड्याच्या दिवशी, उपाशी लोकांसमोर, तुझं नाव निघालं असतं."

मी टेबलाच्या कडेवरून नख ओढत राहिलो.

"मला आधी वाटलं, विसरला असेल. तरणा पोर, शाळेच्या भानगडी. पण विसरला असतास तर शेजारी उभा राहून गप्प बसला नसतास. आणि दुपारी तर ते बरोबर जागेवर आलं." त्यांनी पुरीची बशी माझ्या दिशेने ढकलली, ती टेबलाच्या काठापर्यंत आली, मी धरली. "तुला बघायचं होतं, मला दिसतं की नाही ते. विचारायचं होतंस. सांगितलं असतं."

"काका, मला माफ करा."

"माझ्यापुरतं केलं. कालच केलं, तिथे उभा असताना. पण ते वाचन माझं नव्हतं, मनू. सतरा घरांचं होतं. त्यांनी दिवसभर पाणी सोडलं आणि त्यांचं वाचन झालंच नाही. ते मी कसं माफ करू? त्यांच्याकडे माग."

मी मास्तर होतो, मला मुद्दे पटकन सुचत. म्हटलं, "मी घरोघर जाऊन सांगितलं तर तुमच्या डोळ्यांचं बाहेर येईल. तुम्हाला खोल्या सोडाव्या लागतील. त्यापेक्षा मी गप्प राहतो."

"सोय चांगली आहे," काका म्हणाले. ते हसलेसुद्धा. मग हसू गेलं. "माझ्या डोळ्यांमागे लपू नकोस. दोन वर्षं मी स्वतः तिथे लपलोय, तिथे जागा फार नाही."

अंगणातून कुणी शालोम करून गेलं. काकांनी आवाजावरून नाव घेऊन उत्तर दिलं.

"असं करू," ते म्हणाले, "शनिवारी मांडवाचा सण आहे, सगळे येतील. वाचनाच्या आधी मी उभा राहून माझं सांगतो. डोळ्यांचं, आणि काल पाठ म्हटल्याचं. तुझं नाव घेणार नाही. मी सांगून झालं की मग तुला आड यायला काही उरणार नाही. तू तुझं सांग."

"आणि खोल्या?"

"ते मी बघतो." 'बघतो' हा शब्द त्यांच्या तोंडी सवयीने आला. "आणि हिला माझं ठाऊक आहे, तुझं नाही. तुझं ती तुझ्याच तोंडून ऐकेल."

मी म्हटलं, हो काका. शनिवारी नक्की. अगदी मनापासून म्हटलं. तोवर चार दिवस होते.

ते चार दिवस गाव मांडवाच्या कामात होतं. सुक्कोथला, म्हणजे या मांडवाच्या सणाला, सिनेगॉगच्या अंगणात झावळ्यांचा मांडव घालतात, छतातून आभाळ दिसायला हवं, आणि खाली पेरू, पपनस, केळीचे घड टांगतात. मी रजा घेतलेलीच होती, तर सगळ्यांत वर चढून झावळ्या बांधत होतो. खालून हसकेलभाऊ ओरडून सांगत होते, मनू, डावीकडे आण, आता उजवीकडे. कुणीतरी म्हणालं, पोस्टमनची नक्कल कर. मी मांडवावरून केली. छान झाली. रात्री अंथरुणात मी शनिवारचं वाक्य जुळवत असे, आणि दर वेळी ते थोडं लहान होई. बुधवारी त्यात "मुद्दाम" होतं. शुक्रवारी नव्हतं.

शनिवार उजाडला. सेफेर मी शुक्रवारी दुपारीच लावून ठेवलेलं, दोनदा तपासून. ते बाहेर काढलं, तेब्यावर ठेवलं. काकांनी दांड्यांना हात लावला नाही. ते पुढे आले आणि कठड्याला धरून उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "वाचनाच्या आधी माझं थोडं ऐका. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. आधी धुरकट दिसायचं, आता तेही नाही. हे मी तुमच्यापासून लपवलं. दारफाळणीला मी जे वाचलं ते सेफेरातून नव्हतं, पाठ होतं. तुमचं त्या दिवसाचं वाचन झालं नाही, ते माझ्यामुळे. दोन वर्षांतलं कुठलंच झालं नाही. आजपासून मी हजान नाही. मला माफ करा."

एवढंच. त्यांच्या आवाजात काही नव्हतं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं. मागे बायकांत एक मूल काहीतरी विचारत होतं, त्याला गप्प केलं.

मग हसकेलभाऊ उठले. गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय असलेला माणूस, पण त्यांना घसा साफ करावा लागला. "माफ आहे, हजानकाका," ते म्हणाले. त्यांच्यामागून एकेक करून सगळे म्हणाले. बाकाबाकावरून ते पुढे येत गेलं. म्हातारे म्हणाले, पोरं म्हणाली. माझ्यापाशी आलं तेव्हा मीही म्हटलं, "माफ आहे."

काका खाली आले नाहीत. कठड्याला धरून तसेच उभे राहिले. लोकांना वाटलं, भरून आलंय. त्यांचा चेहरा माझ्या बाजूला होता, नेमका माझ्यावर नाही, थोडा बाजूला. ते थांबले होते.

मी उठायला हवं होतं तो क्षण नक्की कुठला होता हे मी अजूनही सांगू शकतो. बाहेर मांडवात एक कावळा पपनसावर बसला होता आणि त्याच्या वजनाने दोरी करकरत होती. ती चार वेळा करकरली. तोंडात वाक्य होतं. लहानच होतं. सगळ्यांचे डोळे ओले होते, सगळे माफ करायच्याच मनःस्थितीत होते, इतकी स्वस्त माफी गावात पुन्हा कधी मिळणार नव्हती. आणि मला दिसत होतं, मी बोललो की हे सगळे चेहरे फिरतील आणि माझ्याकडे बघतील. हसणार मात्र नाहीत.

पाचव्यांदा दोरी करकरली तेव्हा हसकेलभाऊ म्हणाले, "मनू, चल बाबा. आता तूच वाच."

काकांनी कठडा सोडला. चाचपत खाली आले आणि पहिल्या बाकावर बसले. मी वर गेलो. दांड्या हातात धरल्या. दोन्ही हात सारखे होते. वाचलं. आवाज चांगला लागला. वर आलेल्या सातही जणांच्या आशीर्वादाला काकांचं आमेन वेळेवर आलं. एकही चूक झाली नाही.

नंतर लोकांनी हात मिळवले, पाठ थोपटली. एकाने म्हटलं, हजान घडवला तर असा. मी मान खाली घातली; त्यांना तो विनय वाटला. दाराशी मिल्काकाकी काकांचा हात धरून उभ्या होत्या. मला बघून त्यांनी पदराने डोळे पुसले.

"मुकादम म्हणाले खोल्या सोडायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "पण हे ऐकत नाहीत. आता त्या मनूच्या, म्हणतात. आपण मुलीकडे जाऊ, इस्राएलात, लोदला. मी म्हटलं जाऊ. पण मनू, तू होतास म्हणून. तू नसतास तर आज सेफेर तसंच परत कपाटात ठेवायला लागलं असतं, आणि यांची काय लाज राहिली असती? देव तुझं भलं करो बाबा. तू यांची लाज राखलीस."

काका शेजारीच होते. चेहरा थोडा वर, आवाजाच्या दिशेने. माझ्या लक्षात आलं की ते अजून थांबलेले आहेत. सतरा घरं सोडून दिली होती त्यांनी. आता एकच माणूस होता, म्हातारी बाई, समोर उभी. तिच्यापुरतं तरी.

"असं काय बोलता काकी," मी म्हटलं. "ते माझं कामच आहे."

काकांनी चेहरा फिरवला. त्या दारातून, त्या तीन पायऱ्या उतरून ते चाळीस वर्षं घरी गेले होते. डोळे गेल्यावरही दोन वर्षं काठीशिवाय, हाताशिवाय गेले होते.

"पायरी कुठाय गं?" त्यांनी बायकोला विचारलं.